धामण: शेतकऱ्याची बिनविषारी सोबतीण

बांधावरून सहा-सात फुटांचा पिवळसर-तपकिरी साप सळसळत गेला की ‘नाग, नाग!’ म्हणत काठ्या निघतात. अनेकदा ती असते धामण, पूर्ण बिनविषारी!

🐍 ओळख: मोठे डोळे, निमुळती मान, शेपटीकडे काळसर जाळी. नागासारखा फणा नाही.
🐍 आहार: मुख्यतः उंदीर, शिवाय बेडूक, पक्षी. बिळात शिरून ती उंदरांची पिल्लंही फस्त करते.
🐍 गैरसमज: ती गाईचं दूध पीत नाही, सापाला दूध ओढताच येत नाही. पीळ घालून उभ्या दोन धामणी म्हणजे बहुधा दोन नरांची झुंज.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिला मारणं गुन्हा आहे. साप दिसला तर लांब थांबा, सर्पमित्राला बोलवा. कोणताही साप चावला तर मात्र थेट दवाखाना गाठा!