सौम्य आम्ल म्हणजे निरुपद्रवी आम्ल नव्हे!

नववी-दहावीच्या मुलांना विज्ञानाच्या पुस्तकात ‘तीव्र आम्ल’ आणि ‘सौम्य आम्ल’ हे शब्द भेटतात. मुले ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे माणूस बॅटरीच्या दुकानात, कारखान्यात किंवा सफाईच्या कामावर रोज ॲसिड हाताळते. म्हणून या शब्दांचा खरा अर्थ घरातल्या सर्वांनीच समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आम्ल पाण्यात मिसळले की त्याचे रेणू फुटून हायड्रोजनचे आयन तयार होतात. किती रेणू फुटतात, यावर आम्ल तीव्र की सौम्य ते ठरते. समजा, मजूर नाक्यावर हजार मजूर आहेत. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पातळ द्रावणात जवळजवळ हजारच्या हजार कामाला लागलेले असतात. हे तीव्र आम्ल. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे हजारात जेमतेम चार-पाच कामावर असतात, बाकीचे नाक्यावर थांबलेले. हे सौम्य आम्ल. लिंबातले, चिंचेतले, दह्यातले आम्लही सौम्यच.

पण थांबलेले मजूर पळून गेलेले नसतात! कामावरचे खर्ची पडले की नाक्यावरचे पुढे येतात. म्हणून या दोन आम्लांचे रेणू सारख्या संख्येने घेतले, तर त्यांचा आंबटपणा मारायला सोडाही सारखाच लागतो.

स्वीडनचा तरुण संशोधक स्वान्ते अऱ्हेनियस याने 1884 साली आपल्या प्रबंधात या विचाराचा पाया घातला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. त्याच विचारासाठी 1903 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कमी गुणांनी खचणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. तीव्र-सौम्य हा आम्लाचा स्वभाव; दाट-पातळ हे पाण्याचे प्रमाण. आपल्या जठरात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लच असते, पण ते पातळ असते. उलट ॲसेटिक आम्ल सौम्य, तरी पाण्याशिवायचे निव्वळ आम्ल कातडीवर पडले तर फोड येतात.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. काचेवर नक्षी कोरायला आणि गंजाचे डाग काढायच्या काही औषधांत ते वापरतात. रसायनशास्त्र त्याला सौम्य म्हणते. पण त्याचे न फुटलेले रेणू कातडीतून सहज आत शिरतात आणि शरीरातले कॅल्शियम बांधून टाकतात. पातळ द्रावण असेल तर सुरुवातीला आगही होत नाही. काही तासांनी असह्य कळा येतात. जास्त प्रमाणात अंगात गेले तर हृदय बंद पडून माणूस दगावतो.

तेव्हा ‘हे सौम्य आहे, काही होत नाही’ असे कुणी म्हटले, तर बाटलीवरचे नाव विचारा. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल हळूहळू ओता, आम्लात पाणी कधीही ओतू नका. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अंगावर आम्ल पडल्यास कपडे काढून भरपूर वाहत्या पाण्याने धुवा आणि बाटलीचे नाव घेऊन दवाखाना गाठा.

मुलांनो, आज संध्याकाळी हा धडा कामावरून आलेल्या आई-वडिलांना समजावून सांगा. पेपरातल्या दोन गुणांपेक्षा त्याचे मोल मोठे आहे.