आडनाव आणि वाय गुणसूत्र

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आडनावासारखंच. त्यामुळे दोन घरांचा मूळपुरुष एकच होता का, हे त्या घरांतल्या पुरुषांच्या डीएनएवरून ताडता येतं. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा त्यासाठी पुरतो. पण जुन्नर-आंबेगावात शिंदे, जाधव, पवार अनेक जातींत आहेत. शिवाय दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं, गुणसूत्र नाही. तेव्हा नुसत्या आडनावावरून भावकी जोडू नये. पूर्वजांची नावं तर चाचणी सांगतच नाही. त्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्यांसारख्या नोंदीच पाहाव्या लागतात.

आडनावात न दिसणारा वारसा डीएनएत कसा दिसतो, यासाठी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं गावांवरून पडलेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. त्या आज्या-पणज्यांचा माग आडनावावरून कधीच लागला नसता.