अधिकारावांचून अधिकारपद

प्रधानपद मिळणें निराळें आणि कारभाराची सत्ता हातीं येणें निराळें. हा भेद कॅनडांत ज्या कायदेपंडितानें पदत्याग करून दाखविला, त्या लुई इपोलित लाफोंतेन यांचें चरित्र प्रत्येक लोकसेवकानें मनन करण्याजोगें आहे.

बूशरव्हिल येथें १८०७ सालीं जन्मलेले लाफोंतेन १८२८ त वकील झाले व १८३० त फ्रेंचभाषी खालच्या कॅनडाच्या विधिमंडळांत निवडून आले. १८३७ चें सशस्त्र बंड त्यांस मान्य नव्हतें. तरी १८३८ त सरकारनें त्यांस तुरुंगांत टाकलेंच. पुढें १८४० च्या कायद्यानें दोन्ही कॅनडा एकत्र करून विधिमंडळाच्या दप्तरांतून फ्रेंच भाषा काढून टाकण्यांत आली. १८४१ च्या निवडणुकींत टेरबॉन येथें दंडेलीचा बाजार मांडला गेला, तेव्हां रक्तपात टाळण्यासाठीं लाफोंतेन यांनीं माघार घेतली. पण वरच्या कॅनडांतील इंग्लिशभाषी वकील रॉबर्ट बॉल्डविन यांनीं त्यांस यॉर्कमधून निवडून आणलें. आणि बॉल्डविन पडले तेव्हां १८४३ त रिमूस्कीच्या फ्रेंच मतदारांनीं तें ऋण फेडलें. भाषा व धर्म भिन्न, पण मागणी एकच : प्रतिनिधींचा विश्वास ज्यांवर, कारभार त्यांचा.

१८४२ त हे उभयतां प्रधानमंडळांत आले. पुढल्याच वर्षीं गव्हर्नर होऊन आले सर चार्लस मेटकाफ. हिंदुस्थानांतील छापखान्यांवरील बंधनें १८३५ त उठविणारे तेच हे गृहस्थ! परंतु प्रधानांस न विचारतां नेमणुका करण्याचा हक्क सोडण्यास ते तयार होईनात. उदार अधिकाऱ्याची मर्जी म्हणजे लोकांचा हक्क नव्हे ! नोव्हेंबर १८४३ त एकाखेरीज सर्व प्रधानांनीं राजीनामे दिले.

चार वर्षांहून अधिक काळ पदावांचून काढल्यावर १८४८ त बहुमत मिळवून ते परतले. १८३७-३८ च्या धामधुमींतील नुकसानीच्या भरपाईचें बिल त्यांनीं मंजूर करविलें. लॉर्ड एल्जिन यांनीं प्रधानांच्या सल्ल्यानुसार २५ एप्रिल १८४९ रोजीं त्यावर सही केली. चिडलेल्या जमावानें माँट्रिअलचें सभागृह जाळलें, लाफोंतेन यांच्या घरावरही हल्ला केला. पण कायदा टिकला.

मात्र एक दोष झांकतां येत नाहीं. याच प्रधानमंडळाच्या काळांत, १८४९ त, स्त्रियांस मतदानाची कायद्यानें बंदी झाली. जबाबदार राज्यपद्धति मतदारांसच जबाबदार असते. म्हणून मताचा हक्क ज्यांस नाकारला, त्यांच्यापुरता लाफोंतेन यांचा विजय अपुराच राहिला, असें आम्हांस स्पष्ट म्हणणें भाग आहे.