शांत दिसणारे पाणीच फसवे

पावसाळ्यात गोवा-कोकणात खोल्या स्वस्त मिळतात, किनारे मोकळे असतात आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. नेमक्या याच दिवसांत तिथले मच्छीमार होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदीच असते आणि जुन्या रिवाजाने नारळी पौर्णिमेआधी कोणी दर्यात जात नाही.

धोका उंच लाटांपेक्षा परतणाऱ्या पाण्याचा अधिक. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटतात. ते पाण्याखालच्या वाळूच्या बांधांमधील फटीतून, अरुंद पट्ट्याने, जोरात समुद्रात परतते. हाच ‘रिप करंट’. त्याचा वेग कधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. ऑलिम्पिकमधील जलतरणपटूही तेवढ्या वेगाने फार वेळ पोहू शकत नाही. गंमत म्हणजे, या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. त्यामुळे आजूबाजूच्या फेसाळ पाण्यापेक्षा ती जागा निवांत वाटते आणि मुलांना घेऊन लोक तिथेच उतरतात.

हा प्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, आत नेतो. सरळ किनाऱ्याकडे पोहण्याच्या धडपडीत दम संपतो. अशा वेळी तरंगत राहून हात वर करावा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे. वाचवायला धावणारेही अनेकदा बुडतात. त्यांनी उडी न घेता दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला हाक मारावी. लाल झेंडा दिसला, तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नये.