बोट कुणासाठी थांबत नाही!
(पहिल्यांदाच समुद्रसफरीला निघणाऱ्या मंडळींसाठी अनुभवाचे चार शब्द)

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत समुद्र नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वाहते पाणी पाहायचे तर पवनारला धाम नदीवर जावे, आणि उन्हाळ्यात तिथे पाण्यापेक्षा खडकच अधिक पाहावेत! अशा गावच्या माणसाने जहाजाच्या प्रवासावर लेख लिहावा, याचे वाचकांना हसू येईल. खुशाल हसावे. पण ज्याला पोहता येते तो दुसऱ्याला पाण्याची भीती समजावून सांगू शकत नाही. ते काम आमच्यासारख्याचेच.

झाले ते असे. २०२३ च्या डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती. ठाण्याच्या लेकीने आणि जावईबापूंनी परस्पर दोन तिकिटे काढून टाकली. मुंबई, गोवे, कोची, लक्षद्वीपचे अगत्ती बेट आणि पुन्हा मुंबई. सहा रात्री बोटीवर! सौभाग्यवतींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जानेवारीत ठरली होती. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "शस्त्रक्रियेनंतर कसं जमेल कुणी सांगावं? आता जाऊन येऊ," असे ती म्हणाली आणि विषय संपला. शेजारच्या काकूंनी मात्र शेवटपर्यंत विचारले, "ह्या वयात पाण्यावर कायले जाता बाप्पा?"

सामान किती घ्यावे?

आमच्या सौ.ने पहिल्या झपाट्यात चार बॅगा भरल्या. मी तिला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास ऐकवला. १९३० नंतरच्या दशकात विनोबा नालवाडीत राहून सूतकताईच्या मजुरीत भागवण्याचा प्रयोग करीत होते. आणि गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेला निघाले, तेव्हा सोबतच्या मंडळींच्या पेट्या पाहून इतके रागावले की, बरेचसे सामान एडन बंदरातून परत पाठवावे लागले. तेव्हा कुठे चाराच्या दोन बॅगा झाल्या.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती, ती सांगतो. मोठी बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि ती खोलीच्या दाराशी कित्येक तासांनी येते. म्हणून औषधे, चष्मा, ओळखपत्र, एक जोड कपडे आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवावी. बोटीच्या पोटात थंडी फार असते. चपला रबरी तळव्याच्या आणि मागे पट्टा असलेल्या हव्यात. ओल्या शिडीवर कातडी चप्पल घसरते.

दुसरे असे की, विदर्भातून जाणाऱ्याने बोट सुटण्याच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरण्याचा बेत करू नये. वर्ध्याहून मुंबई साडेसातशे किलोमीटरांहून दूर. गाडीला उशीर होऊ शकतो. आम्ही आदल्या दिवशीच लेकीकडे मुक्कामाला गेलो. बॅलार्ड पिअरचा धक्का छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळ आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हते.

बोट लागू नये म्हणून

आमच्या घरी एसटी लागणारी माणसे आहेत, तेव्हा बोट लागण्याची धास्ती मोठी होती. बोट मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर कमी हलते, म्हणून खोली निवडताना ती मधली आणि खालची निवडावी. उपाशी राहू नये, तसेच फुकट मिळते म्हणून ताटावर ताट रिचवू नये. मळमळू लागले की उघड्यावर येऊन दूर क्षितिजाकडे नजर लावावी. आल्याचा तुकडा तोंडात धरावा. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. बेत दिवाळीनंतरचा करावा, हे उत्तम.

मोबाइल फोन समुद्रात शिरताच विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा. नाही तर बोटीवरच्या जाळ्याशी तो आपोआप जोडला जातो आणि घरी आल्यावर बिल पाहून खरी बोट लागते!

पहिल्याच दिवशी भोंगा वाजवून सर्वांना ठरल्या जागी जमवतात आणि तरंगती जाकिटे कशी घालायची ते दाखवतात. काही मंडळी तेव्हा चहा पीत बसतात. कृपा करून तसे करू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे भले मोठे विहारजहाज खडकावर आपटले, त्यात ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या उतारूंची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेण्याचा नियम जगभर झाला.

गोव्यातील आमची फजिती

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. बोटीच्या सफरीत खरी परीक्षा पाण्यावर होत नाही, ती किनाऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही मुरगाव बंदरात लागलो. बोट संध्याकाळी पाचला सुटणार होती. नऊ तास! मी आदल्या रात्रीच वहीत बेत आखून ठेवला होता: जुने गोवे, मंगेशी, शांतादुर्गा, पणजी आणि जमल्यास कोलव्याचा किनारा. सौ.ने वही पाहून विचारले, "अहो, हे सगळं पाहायचं आहे, की नुसतं मोजायचं आहे?" मी ते थट्टेवारी नेले.

आता तोच हिशेब शहाणपणाने मांडून दाखवतो. बोट पाचला सुटते, पण उतारूंनी चारला परत यायचे असते. एक तास गेला. सकाळी रांगेतून उतरून बंदराच्या फाटकाबाहेर पडायला एक तास गेला. वाटेत अडकलो तर, म्हणून दीड तास राखून ठेवलाच पाहिजे. मुरगावहून जुन्या गोव्याला जाऊन येण्यात सुमारे अडीच तास मोडतात. नवातून सहा वजा जाता उरले तीन! तीन तासांत एक गोष्ट नीट पाहून होते, फार तर दोन.

हे गणित मला संध्याकाळी सुचले. सकाळी मात्र मी सौ.ला १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू चर्चमधून अक्षरशः पळवत नेले. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी ती मान वर करून पाहत होती, तोच मी घड्याळ दाखवले. मंगेशीला दर्शन झाले, पण देवळाच्या पायऱ्यांवर तिला दोन क्षण बसू दिले नाही. शांतादुर्गा राहिली. पणजीत जेवलो आणि परतीच्या वाटेवर वाहनांच्या रांगेत सापडलो. मोटार इंचाइंचाने सरकत होती. ड्रायव्हर बिचारा शांत होता, मी मात्र दर मिनिटाला "अहो, बोट जाईल हो!" म्हणून त्याचा जीव खात होतो.

फाटकापासून बोटीपर्यंत सौ. दुखरा पाय ओढत चालली. शिडीशी पोहोचलो तेव्हा चाराला सात मिनिटे कमी होती. खोलीत आल्यावर पाहिले, तर गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. ती मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

ध्यानात ठेवा: बोटीच्या कंपनीने नेलेल्या सहलीला उशीर झाला, तर बोट सहसा थांबते. आपले आपण फिरायला गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. मागे राहिलेल्याला स्वतःच्या खर्चाने पुढचे बंदर गाठावे लागते. म्हणून किनाऱ्यावर जाताना बोटीचे कार्ड, ओळखपत्र, एका दिवसाची औषधे, थोडी रोकड आणि बंदरावरच्या प्रतिनिधीचा फोन नंबर जवळ ठेवावा. हा नंबर खोलीत रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रकावर बहुधा छापलेला असतो.

कोची: थोडे पाहिले, पुरेसे पाहिले

पुढचा एक दिवस सारा समुद्रातच गेला. सौ.ने पाय उशीवर ठेवून, बर्फाने शेकत काढला. चौथ्या दिवशी सकाळी कोचीला बोट लागली, तेव्हा मी वही बंद करून तिलाच विचारले. ती म्हणाली, "एकच ठिकाण. आणि तिथं बसायला जागा हवी."

आम्ही रिक्षाने फोर्ट कोचीला गेलो आणि किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांसमोर बसलो. लांब खांबांना बांधलेले प्रचंड जाळे. मागे दोरांना टांगलेले धोंडे. चार-पाच माणसे दोर ओढतात, धोंडे खाली येतात आणि जाळे पाण्यातून वर उचलले जाते, अगदी विहिरीच्या मोटेची आठवण व्हावी असे! तासभर आम्ही तेच पाहत होतो. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ साली वास्को द गामा कोचीत वारला आणि त्याला तिथे पुरले. काही वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. दोन दिवसांपूर्वी आम्ही मुरगावला उतरलो, त्या बंदराशेजारच्या गावाला त्याचेच नाव आहे.

तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद असतो. शनिवारी तिथले १५६८ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर बंद असते. तेव्हा बंदराचा वार आणि स्थळाची सुट्टी निघण्यापूर्वीच ताडून पाहावी. आमचे नुकसान मात्र झाले नाही. मसाल्याच्या एका दुकानात सौ. वेलदोडे पाहत होती. दुकानदार बायकोशी काही बोलला आणि सौ. चमकून म्हणाली, "अहो, हे तर आपल्यासारखंच बोलतायत!" ती कोकणी होती. सोळाव्या शतकात गोवे सोडून आलेल्या सारस्वतांची वस्ती कोचीत आजही आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला, त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या वैद्यांचे कोकणी निवेदन देवनागरी अक्षरांत आहे. दुकानदाराने सौ.ला बसायला स्टूल दिले, चहा मागवला. वहीत हे स्थळ नव्हते.

अगत्तीची होडी

पाचव्या दिवशी अगत्ती बेट दिसू लागले. इथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. मोठी बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि लहान होड्यांतून माणसे नेतात. लक्षद्वीपला आपल्या देशातल्या माणसालाही परवाना लागतो. तो बोटीची कंपनी काढते की आपण काढायचा, हे तिकीट घेतानाच विचारावे. बेटावरची वस्ती मुसलमानांची आहे, अंगभर कपडे असावेत. मद्याला बंदी आहे. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.

होडी बोटीच्या कुशीला लागली होती आणि हात-दोन हात खालीवर होत होती. सौ. दाराशी आली, खाली पाहिले आणि मागे सरली. मी म्हणालो, "राहू दे. आपण वरून पाहू." एक होडी गेली. दुसरी गेली.

आमच्या मागे दादरच्या एक आजी उभ्या होत्या, मूळच्या मालवणच्या. वय पंचाहत्तरच्या आसपास. पूर्वी मुंबई-गोवा आगबोटीने गावी जाताना मालवणला भर समुद्रात पडावात उतरायचे असे, ते त्यांनी लहानपणी कितीदा केलेले. त्या सौ.चा खांदा धरून म्हणाल्या, "घाबरा नको गो बाय. लाट येवंदे वर, मगेच पाय टाक."

मग त्यांनी रीत सांगितली, ती मी जशीच्या तशी देतो. हातात काही धरू नये. पिशवी आधी खलाशाकडे द्यावी. खलाशाची बोटे धरू नयेत, मनगट धरावे, म्हणजे तोही आपले मनगट धरतो. उडी मारू नये. होडी खाली जाते तेव्हा थांबावे. ती वर येऊन आपल्या पायाशी समपातळीत आली की एक पाऊल टाकावे आणि लगेच बसावे.

तिसऱ्या होडीला सौ. थांबली. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. तिसरीला होडी वर आली आणि ती पाऊल टाकून बसलीसुद्धा! मला मात्र खलाशाने जवळजवळ उचलून ठेवले.

बेटावर आम्ही काही पाहिले नाही. हिरव्या-निळ्या उथळ पाण्यात ती साडी सावरून कमरेइतक्या पाण्यात बसली. गुडघ्याला तिथे भार नव्हता. परतीची शेवटची होडी धरू नये, त्यात गर्दी होते, म्हणून मी तासभर आधीच उठायला सांगितले. या वेळी तिने तक्रार केली नाही. माझे घड्याळ प्रथमच तिच्या बाजूने चालले होते.

जानेवारीत शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. महिनाभर व्यायाम शिकवायला मुलगी घरी येई. पहिल्या दिवशी पलंगावरून पाय खाली टाकायला सौ. घाबरत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "अहो, बोटं नको, मनगट धरा." आणि थोडी थांबून तिने पाऊल टाकले.

शेजारच्या काकूंनी परवा हळूच विचारले, "बोटीचं तिकीट कुठे भेटते हो?"