हरवलेले आणि सापडलेले – भाग ६ : माळ्यावरचा पेटारा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, सर्वणसारख्या गावात जुने घर मोडायला काढले की पहिली चर्चा होते ती सोन्याची. जोत्याखाली हंडा आहे, तुळशीवृंदावनाच्या पायात मोहरा पुरल्या आहेत, देवघरामागच्या भिंतीतून पोकळ आवाज येतो. चिरा न् चिरा ठोकून पाहिला जातो. तेवढ्यात माळ्यावरचा पेटारा कुणीतरी अंगणात आणून उपडा करतो आणि लाल फडक्यात बांधलेली बाडे पाचोळ्यासोबत पेटवली जातात. डिचोली-पेडण्यातल्या जुन्या घरांचा खरा ठेवा बहुतेक वेळा त्या बाडांतच असतो.

याला इतिहासाचे कारण आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तिथली देवळे पाडली गेली, पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. डिचोली, सत्तरी आणि पेडणे मात्र १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज राज्याला जोडले गेले. त्याआधी इथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. कारभार मोडी लिपीत चाले, घरात पोथ्या वाचल्या जात. नदीपलीकडे जे नष्ट झाले, तसले बरेच काही अलीकडे टिकले.

काही गोष्टी तर पलीकडून लपवून आणल्या गेल्या. कदंब राजांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. बहामनी आक्रमणात ते पडले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि लिंग विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामाला लागले, असे परंपरा सांगते. भाविकांनी ते तिथून काढून नदीपार डिचोली भागात नेले. आज ते सर्वणच्याच तालुक्यात, नार्व्याला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १३ नोव्हेंबर १६६८ रोजी या देवळाचे काम सुरू करवल्याचा शिलालेख दारावर आहे. राजांच्या दैवताला विहिरीच्या काठाचा दगड होऊन दिवस काढावे लागले आणि ओळखणारी माणसे होती म्हणूनच ते परत मिळाले.

पोथ्यांची कहाणी याहून लांबची. केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये मराठी ओव्यांत रचायला घेतलेली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ गोव्यातल्या कुठल्याही माळ्यावर मिळाली नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांना ती सापडली पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात, आणि तीही रोमन लिपीत! जेझुइट संघाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी हिंदूंच्या घरांतून मिळवलेल्या पोथ्या अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. मूळ प्रती गेल्या, नकला उरल्या. त्याच जेझुइटांपैकी फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखित प्रतींमुळे. त्यांतली एक देवनागरी प्रत लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात होती आणि तिची ओळख पटायला विसावे शतक उजाडावे लागले.

महाराष्ट्रात हे काम वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून केले. वाईच्या एका वाड्यात त्यांना पानिपतच्या काळातला पत्रव्यवहार मिळाला आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपताबद्दल आज जे बोलले जाते, त्यातले कितीतरी अशा वाड्यांतल्या कागदांमुळे कळले. ते रद्दीत गेले असते तर?

बाडात काय असते? कर्जाचे खत, जमिनीचा वाद, कुळाची वंशावळ, देवस्थानाचा जमाखर्च, औषधाचे टिपण. पोथीच्या कोऱ्या पानावर कधी घरातल्या जन्ममृत्यूंची नोंद असते. जुन्या मोडी कागदांच्या घडीतून शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण अजूनही गळतात. काजळाची देशी शाई कागद खात नाही, पण पाण्याने पसरते. पोर्तुगीज दस्तऐवजांतली लोहयुक्त शाई मात्र वर्षानुवर्षे कागदच कुरतडत जाते, अक्षरांच्या जागी भोके पडतात. काही गावकीच्या जुन्या वह्या गोयकानडी लिपीत आहेत आणि ती वाचणारे आज फारच थोडे. ‘काहीतरी कानडी दिसते’ म्हणून अशी वही टाकून देणे हे मोठेच नुकसान आहे.

सोन्याचा हंडा खरोखर सापडलाच, तर त्यालाही कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या बांधकामात दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९७२ चा पुरावस्तू कायदा किमान पंचाहत्तर वर्षे जुन्या, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितालाही पुरावस्तू मानतो. त्यामुळे परवानगीशिवाय ते परदेशी नेता येत नाही.

घर मोडायचे असेल तर आधी माळा, फडताळ आणि देवघर रिकामे करा. बाडाची गाठ घाईने सोडू नका, पानांचा क्रम मोडू नका. ओले कागद उन्हात टाकू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सावलीत, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटका आणि जसे आहे तसे फोटो काढून ठेवा. मग पणजीच्या पुराभिलेख खात्यात किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवा. ज्या दफ्तराचा वारसा हे खाते सांभाळते, ते १५९५ मध्ये स्थापन झाले. पण तुमच्या माळ्यावरचा कागद तिथे आपोआप पोचत नाही, तो तुम्हालाच न्यावा लागेल.