लंबकामागे धावणारी नजर : स्किझोफ्रेनिया आणि डोळ्यांची हालचाल

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, आधी एक छोटा प्रयोग करा. तर्जनी डोळ्यांसमोर धरून सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. नजर बोटामागे अलगद सरकते. आता बोट खाली घ्या आणि नजर तशीच सरकवून बघा. नाही ना जमत? डोळा उड्या मारत जातो. म्हणजे सरकत्या वस्तूचा पाठलाग हे नुसतं डोळ्यांच्या स्नायूंचं काम नव्हे. वस्तूचा वेग ओळखून ती पुढच्या क्षणी कुठे असेल, हे मेंदू ठरवत असतो.

स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांत हे गणित थोडं चुकतं. नजर मागे पडते, मग उडी मारून वस्तूला गाठते. डिफेनडॉर्फ आणि डॉज यांनी १९०८ सालीच हे नोंदवलं होतं. पुढे १९७३ मध्ये फिलिप होल्झमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना हलता लंबक बघायला लावला, तेव्हा विषय पुन्हा वर आला. गंमत पुढेच आहे. रुग्णांच्या आजार नसलेल्या काही सख्ख्या नातेवाइकांतही हाच दोष दिसला! आईनं नीट वाढवलं नाही म्हणून मुलगा असा झाला, असं चाळीत सहज बोललं जातं. त्यांना हे जरूर सांगा.

दुसरी चाचणी आणखी सोपी. दिवा डावीकडे लागला की उजवीकडे बघायचं. चटकन दिव्याकडे वळू पाहणारी नजर आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि इथेही या रुग्णांच्या चुका जास्त होतात.

पण वर्गातल्या मुलाची नजर चंचल दिसली म्हणून लगेच शंका घेऊ नका हं. हे फरक यंत्रावर मोजावे लागतात. थकवा, काही औषधं, इतर मानसिक आजार यांनीही नजर अडखळते. निदान डॉक्टर करतात ते बोलून, इतिहास विचारून.

आपण बघायचं ते वेगळं. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो, म्हणजे नेमका बारावी-कॉलेजच्या वर्षांत. मुलगा एकलकोंडा झाला, एकट्यानंच बोलू लागला, सगळे आपल्यावर टपलेत असं म्हणू लागला, तर ‘बाहेरचं’ म्हणून महिने घालवू नका. उपचार जितके लवकर, तितका फायदा जास्त. लालबाग-परळकरांना केईएम जवळ, गिरगावकरांना नायर. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. घरात कुणी तयार होत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आधी तुम्हीच बोला. मराठीतूनही बोलता येतं.